दसऱ्याची ओळ

ऑक्टोबर लागला की माझी चिडचिड सुरू होते. नवरा म्हणतो, उन्हाचा परिणाम. ऑफिसातल्या मुली म्हणतात, दिवाळीच्या आधी काम संपवायची घाई. दोघांचंही चुकतं. ऑक्टोबर महिन्यात मला एका वेबसाइटचा राग येतो. इतक्या वर्षांत तो कमी झाला नाही, आणि तो कमी व्हावा म्हणून मी काही प्रयत्नही केलेले नाहीत. काही राग माणसाने नीट सांभाळून ठेवावेत अशा मताची मी आहे.

नाशिक रोडहून दिंडोरीला निघालं की म्हसरूळ सुटेपर्यंत ऑक्टोबर फक्त उकडतो. पुढे तो वासाने कळतो. छाटलेल्या काड्यांचा हिरवा, ओलसर वास, त्यावर औषधाचा उग्र वास, त्यावर ट्रॅक्टरच्या धुराचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बोडक्या बागा उभ्या असतात, पान नाही, सावली नाही, नुसत्या तारा आणि लोखंडी अँगल. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या बायका-माणसांच्या टोळ्या हातमोजे घालून डोळ्यांना पेस्ट लावत असतात. डोळे म्हणजे काडीवरचे, जिथून पुढे घड फुटायचा असतो. त्या दिवसांत अख्खा तालुका आभाळाकडे बघून जगतो. पाऊस नको, धुकं नको, पानावर फार वेळ दव नको. माझा दादा तिथेच राहतो, बाग करतो, आणि आठवड्यापूर्वी त्याचा फोन आला.

"तुझी ती डबी आण यंदा," तो म्हणाला.

मी म्हटलं, कोणती डबी? कोणती ते मला चांगलं ठाऊक होतं. तो म्हणाला, गावात कंपनीचं हवामानाचं यंत्र बसवलंय खरं, पण ते पार ओढ्याच्या पलीकडं हाय, तिथं दव पडतं तवा आपल्याकडं पडत नाय. आणि फोन ठेवून दिला. दादा फोनवर कामापुरतंच बोलतो. मी मात्र बराच वेळ ओट्याशी उभी राहिले, कारण ज्या डबीने काही वर्षांपूर्वी त्याची अर्धी बाग घालवली ती तो स्वतःहून मागत होता.

त्या वर्षी ती डबी मीच बनवली होती. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, बँकांसाठी प्रोग्राम लिहिते, त्यात कुणाचं पीक येत नाही की जात नाही. दादासाठी काहीतरी करावं असं फार दिवस मनात होतं. डबीत एक छोटं सर्किट, आणि बाहेर पानाच्या आकाराची एक पट्टी. पट्टीवर तांब्याच्या बारीक रेघा. दव पडलं, पाऊस पडला की पट्टी ओली होते, ती किती वेळ ओली राहिली ते माझा प्रोग्राम मोजतो, आणि पान फार वेळ ओलं राहिलंय असं दिसलं की दादाच्या फोनवर संदेश जातो: फवारणी करा. डाऊनी नावाचा रोग ओल्या पानावरच धरतो, म्हणून एवढा खटाटोप. फवाऱ्याचा निळसर थर पट्टीवर बसणार हेही मी हिशेबात धरलं होतं. घरी गच्चीवर त्याची चाचणी घेतली होती.

बसवायला गेले त्या दिवशी दादा, वहिनी, शेजारचे दोघे असे सगळे बघायला जमले. मी बजावून सांगितलं की या पट्टीला कुणी हात लावायचा नाही. वहिनी म्हणाली, कोण लावतंय हात. दादाने त्या बाजूची छाटणी नेहमीपेक्षा लवकर उरकली होती. लवकर छाटली की माल लवकर येतो, भाव बरा मिळतो, पण परतीच्या पावसात सापडायची भीती असते. ती भीती त्याने माझ्या डबीच्या भरवशावर घेतली. मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

पंधरवडाभर डबीने चोख काम केलं. मग दसरा आला.

आमच्याकडे त्या दिवशी यंत्रांना सुट्टी असते. ट्रॅक्टर, फवारणीचा ब्लोअर, मोटार, छाटणीच्या कात्र्या, सगळं धुऊन-पुसून, हळद-कुंकू लावून, झेंडूची माळ घालून ठेवायचं आणि चालवायचं नाही. मी नाशिक रोडच्या घरी लॅपटॉपच्या झाकणावर हळद-कुंकू लावलं. शाळेत असताना कंपासपेटीलाही लावायचे. दादाला फोनवर म्हटलं, डबीचंही बटण आज बंद कर, उद्या सुरू कर. त्याने तसं केलं. आणि दुसऱ्या दिवसापासून डबी सारखी ओलं ओलं म्हणून सांगायला लागली.

उन्हं तापलेली, जमीन भेगाळलेली, आणि फोनवर संदेश: फवारणी करा. दादाने पहिल्यांदा फवारलं. दुसऱ्यांदा फवारलं. मग मला विचारलं. मी रविवारी गेले, वायरी तपासल्या, पट्टी नुसती डोळ्यांनी बघितली. तिच्यावर फवाऱ्याचा निळा थर होता, तो असणारच होता. हात लावायचा नाही हा नियम माझाच, म्हणून मीही लावला नाही. माझी खात्री होती की चूक प्रोग्राममध्ये आहे. एक दिवस बंद ठेवून पुन्हा सुरू केल्यावर काहीतरी अडकलंय, कुठलातरी जुना आकडा तसाच धरून बसलाय. सगळा प्रोग्राम वाचून काढला. सापडेना. म्हणून मी त्या वेबसाइटवर गेले.

ही वेबसाइट म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा चव्हाटा. प्रश्न विचारा, जगभरातलं कुणीही उत्तर देतं. चव्हाटा म्हटलं खरं, पण कारभार एखाद्या सोसायटीच्या अध्यक्षासारखा. इथे गाडी लावू नये, इथे बसू नये, मुलांनी इथे खेळू नये. हा प्रश्न आधी विचारला गेला आहे. हा फार मोठा आहे. हा फार छोटा आहे. यावर मतं पडतील, उत्तरं नाही. आणि सगळ्यांत वरचा हुकूम, विषयाबाहेर. तिथे गुण मिळतात, गुण साठले की दुसऱ्याचं लिखाण दुरुस्त करायचा हक्क मिळतो, आणखी साठले की दुसऱ्याचा प्रश्न बंद करायचा. प्रश्न सोडवण्यापेक्षा बंद करणं सोपं, हे ज्यांना लवकर कळलं त्यांनी तिथे चांगलं बस्तान बसवलं.

मी माझा प्रश्न आपल्या रीतीने लिहिला. आपण कुणाकडे काम घेऊन गेलो तर दारातून कामाचं बोलत नाही. आधी नमस्कार, मग बरं आहे ना, मग कुठून आलो, कशासाठी आलो. मी इंग्रजीत लिहिलं की सर्वांना नमस्कार आणि दसऱ्याच्या शुभेच्छा. माझ्या भावाची द्राक्षबाग आहे, छाटणी झालीय, फुलोरा जवळ आलाय, घाई आहे. दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा करून ती दिवसभर बंद ठेवतात, दुसऱ्या दिवशी सुरू केल्यापासून हे असं होतंय. मग खाली प्रोग्राम, आकडे, सगळं व्यवस्थित. शेवटी आगाऊ आभार.

चहा करून परत येते तो माझ्या प्रश्नाची हजामत झालेली. नमस्कार गेला. शुभेच्छा गेल्या. भाऊ, बाग, फुलोरा, घाई, सगळं गेलं. दसऱ्याची ओळ गेली. आभार गेले. खाली दुरुस्ती करणाऱ्याची टीप होती की अनावश्यक मजकूर काढला. उरला तो नुसता प्रोग्राम आणि त्याखाली एक वाक्य, आकडा बदलत नाही. मला लाज वाटली. खरंच वाटली, खोटं कशाला सांगू. चार लोकांत आपण फार बोललो की काय असं वाटून माणूस गप्प होतो, तशी मी गप्प झाले. संध्याकाळपर्यंत प्रश्नच बंद झाला. कारण दिलं होतं की हा प्रश्न प्रोग्रामिंगसंबंधी दिसत नाही, विषयाबाहेर आहे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मीटिंग चालू असताना फोन टेबलावर उजळला. त्या पानावर कुणीतरी शेरा लिहिला होता. उत्तरं बंद असली तरी प्रश्नाखाली छोटा शेरा लिहिता येतो. पडद्यावर मावेल तेवढंच दिसत होतं: म्हैसूरहून नमस्कार. तुमच्याकडेही दसऱ्याला घरातल्या अवजारांना... पुढे तीन टिंबं. मला वाटलं, सणाच्या गप्पा मारायला कुणीतरी आलंय. मीटिंग संपल्यावर उघडलं तर शेरा नव्हता. गप्पांसाठी ही जागा नाही म्हणून कारभाऱ्यांनी पुसला होता.

त्या दिवसानंतर मी तिथे जाणं सोडलं. संगणकापुढे बसून स्वतःच प्रोग्राम उलटा-पालटा करत राहिले. दादाने तोवर संदेश बघणं थांबवलं होतं. "लय झालं तुझ्या यंत्राचं," एवढंच तो म्हणाला, "रोजच पाणी पडतंय त्याच्या मते." आणि डबी बंद केली. त्याचं काही चुकलं नाही.

मग दिवाळीच्या तोंडावर धुकं उतरलं. पाऊस फार नव्हता, भुरभुर होती, पण ऊन वर येईपर्यंत पानं निथळत राहायची, दोन-तीन दिवस तसंच. बाग ऐन फुलोऱ्यात. डबी चालू असती आणि धड असती तर पहिल्याच सकाळी ओरडली असती. लवकर छाटलेल्या बाजूला आधी पानांवर तेलकट डाग दिसले, मग घडच काळे पडून गळायला लागले. गळकूज म्हणतात तिला. भाऊबीजेला मी गेले तेव्हा वेलींखाली मोहरीएवढे मणी पडले होते, चालताना पायाखाली यायचे. दादाने ओवाळून घेतलं, ताटात ओवाळणी घातली, चिवडा खाल्ला. डबीचं नाव काढलं नाही. ती खांबावरून काढून त्याने शेडमध्ये खिळ्याला टांगली होती, औषधांच्या रिकाम्या डब्यांशेजारी. तो काही बोलला असता, चार शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

उरलेल्या बागेचा माल निघाल्यावर, होळीच्या सुमाराला, मी ती डबी मागून घेतली. त्यांच्याच मोरीपाशी बसून पट्टी धुवायला घेतली. निळा थर बोटाने निघाला, आणि त्याच्या खाली दुसरा थर होता. घट्ट, पिवळा, मधोमध लाल. बोटाने लावलेला तो टिळा होता, अगदी तांब्याच्या रेघांवर, जिथे पानाचं कपाळ असावं तिथे. ओली हळद, ओलं कुंकू, वर फवाऱ्याचा लेप. आत धरलेलं पाणी सुटणार कसं? हात लावू नका म्हणजे हळद-कुंकू लावू नका, असं आमच्याकडे कुणी समजत नाही. नव्या यंत्राला दसऱ्याचं कुंकू न लावणं हेच उलट वाईट दिसलं असतं. वहिनीने ट्रॅक्टरला लावलं, मोटारीला लावलं, आणि नणंदेने एवढं कौतुकाने आणलेल्या डबीला जरा प्रेमानेच लावलं.

तिथे बसल्या बसल्या म्हैसूरच्या माणसाचं वाक्य माझ्या डोक्यात आपोआप पुरं झालं. तुमच्याकडेही दसऱ्याला घरातल्या अवजारांना हळद-कुंकू लावतात का? त्या पट्टीला कुणी लावलं नाही ना, एकदा बघा. दुसरं तो काय विचारणार होता? त्याच्या घरीही लावत असतील. माझी खोडलेली ओळ त्याने जुन्या मजकुरात जाऊन वाचली असणार. फुलोऱ्याच्या कितीतरी आधी, टेबलावर उजळलेल्या फोनमध्ये, माझं उत्तर आलं होतं.

मी त्याच दिवशी ते पान उघडलं. वाटलं, निदान आपण उत्तर लिहून ठेवावं, उद्या दुसऱ्या कुणाच्या पट्टीला कुणी कुंकू लावलं तर उपयोगी पडेल. लिहिता येईना. प्रश्न बंद होता, आणि शेरा लिहिला असता तर तोही पुसला गेला असता. मग जुना मजकूर बघितला. तिथे दुरुस्तीच्या आधीचं आणि नंतरचं दोन्ही दाखवतात, काढलेल्या ओळींवर लाल पट्टा ओढून. दसऱ्याची ओळ लाल होती. सगळ्या पानावर कामाची ओळ ती एकच होती आणि अनावश्यक म्हणून तीच गेली होती.

मला लोकांनी समजावून बघितलं आहे. ते फुकट काम करतात, रोज हजारो प्रश्न येतात, कचरा काढला नाही तर चांगलं काही सापडणार नाही, तुझा प्रश्न खरोखरच प्रोग्रामिंगचा नव्हता. शेवटचं तर शंभर टक्के खरं. तो हळदीचा प्रश्न होता. ते बरोबर होते, आणि म्हणूनच माझा राग जात नाही. चुकले असते तर कधीतरी सोडून दिलं असतं. दारात आलेल्या माणसाला तुझं काम इथलं नाही असं सांगणाऱ्याने निदान कुठलं आहे ते सांगावं, नाहीतर तोंड मिटून बाजूला तरी व्हावं. यांनी माझं बोलणं कापलं, मग कापलेल्या बोलण्यात काही अर्थ नाही म्हणून मला घालवलं, आणि ज्या एका माणसाला अर्थ लागला त्यालाही घालवलं. एवढं करून पान स्वच्छ दिसत होतं.

आता ती वेबसाइट ओस पडत चालली आहे. आमच्या ऑफिसातल्या मुली तिचं नावही काढत नाहीत, त्या फोनमधल्या बोलणाऱ्या यंत्राला, एआयला, विचारतात. ते कधी कधी धडधडीत खोटं सांगतं, पण सासूचं दुखणं, बसचा उशीर, काय वाटेल ते आधी सांगू देतं. वेबसाइटची गर्दी ओसरल्याची बातमी वाचली तेव्हा मी श्रीखंड आणलं होतं. नवऱ्याने विचारलं, काय विशेष? मी म्हटलं, काही नाही, असंच. हा आनंद चांगल्या माणसाला शोभणारा नाही, पण मी तो चाटून-पुसून खाल्ला.

आणि तरी एक गोष्ट मी आजवर नवऱ्यालाही सांगितली नव्हती. दादाला मी हळदीचं कधी बोलले नाही. त्या दिवशी पट्टी घासली, पाणी मोरीत सोडलं, डबी पिशवीत टाकली आणि प्रोग्रामच चुकला होता म्हणून सांगितलं. वहिनीच्या कुंकवाने बाग गेली हे त्या घरात कोण आणि कशाला बोलणार? वहिनीवर रागावता येत नव्हतं, दसऱ्यावर येत नव्हतं. उरले ते कारभारी. सगळा राग मी त्यांच्या नावावर केला, आणि दर ऑक्टोबरात दादाच्या नजरेतून उतरलेली बहीण म्हणून दिंडोरीला जात राहिले. तो काही म्हणत नसे. पण मोबाइल बिघडला तरी तो माझ्याऐवजी नाक्यावरच्या दुकानात न्यायचा, आणि ते मला दिसायचं.

परवा दसऱ्याला डबी घेऊन गेले. नवी पट्टी, नवं सर्किट. दादाने खांब आधीच रोवून ठेवला होता. डबी बसवून तो ट्रॅक्टर धुवायला गेला आणि वहिनी पूजेचं ताट घेऊन बागेत आली. तिने तांब्यातल्या पाण्यात हळद कालवली. पट्टीला लावू नको हे कसं सांगावं ते मला सुचेना. ती खांबाजवळ आली, वर पट्टीकडे एकदा बघितलं, आणि खाली वाकली. खांबाच्या बुडाशी, मातीपासून हातभर उंचीवर, तिने हळदीचं बोट लावलं, मग कुंकवाचं. झेंडूचं फूलही तिथेच ठेवलं.

"वर नको," ती म्हणाली. "त्याला सोसत नाय."

मी विचारलं, तुला कुणी सांगितलं? ती म्हणाली, सांगायला कशाला पायजे. तुम्ही त्या साली मोरीपाशी पट्टी घासत होत्या, तवा पिवळं पाणी गेलं ते मी मागच्या दारातून बघितलं. माझ्याच हातची हळद मला वळखू येणार नाय का? आणि दादाला, मी विचारलं. ह्यांला तर मी त्याच दिवशी सांगितलं, ती म्हणाली. हे म्हणले, तिला कळलंय आन् तरी ती सोताच्या अंगावर घेतीय, तर घेऊ दे, बोलायला लागलो तर तिला वाईट वाटंल. मोबाइल मात्र दुकानात न्यायचे. म्हणायचे, तिला आता कुठलं यंत्र दाखवायला नको, आठवण येती तिला.

मी फोन काढला आणि तिला ते पान दाखवलं. का दाखवलं, सांगता येणार नाही. इतकी वर्षं एकटीने धरलेला राग कुणालातरी बघायला द्यावासा वाटला असेल. इंग्रजी तिला वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं. हा नमस्कार, ही तुमची बाग, ही दसऱ्याची ओळ. लाल पट्टा कशाचा ते सांगितलं. म्हैसूरच्या माणसाचंही सांगितलं. तिने लाल ओळीवर बोट ठेवलं, तिच्या बोटाची हळद काचेला लागली.

"म्हंजे तुम्ही सगळं सांगितलं होतं," ती म्हणाली. "खोडायच्या आधी एकदा इचारायचं तरी, की बाई, पूजा म्हंजे काय केलं तुम्ही."

तिकडे दादाने ट्रॅक्टरवर बादली ओतली, त्याचा आवाज आला. आम्ही तिघांनीही एकमेकांना तेवढंच विचारलं नव्हतं. मी फोन पिशवीत टाकला, तिच्या हातातलं ताट घेतलं, खांबाच्या बुडाशी तिच्या बोटाशेजारी माझं एक कुंकवाचं बोट लावलं, आणि दादाला हाक मारली, की इकडे ये, तुला काहीतरी विचारायचंय.